पंप, मोगरी आणि मेट्रनबाई

खोली मागायला गेलो तेव्हा बाईंनी मला दोनच प्रश्न विचारले.

"दारू पेतं का गा?"

"नाही."

"खाली वाकता येते का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी घरून पाठ करून आलो होतो. दुसऱ्यानं गडबडलो. बाई सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या आहेत, एकट्या राहतात आणि तोंडानं जरा कडक आहेत, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यामुळे वाटलं, भाडेकरूच्या मणक्याची तपासणी असेल. मी वाकून पायाची बोटं धरून दाखवली. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांनी माझा हात धरला, उलटा केला आणि कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला.

"शिरा चांगल्या हायेत. डोळे मिटून सुई टोचता येईल. आण सामान."

नंदनवन वस्तीतल्या त्या घराच्या वरच्या खोलीत मी असा दाखल झालो. भाडेकरू म्हणून झालो की पेशंट म्हणून, हे मला पुढची चार वर्षं नीट कळलं नाही. बाईंनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी 'वरचा' होतो. "वरच्या, नळ आला!" "वरच्या, खोकला कायचा येऊन राहिला तुले?" शेजारीपाजारीही मला तेच म्हणू लागले. दूधवाला तर पिशवीवर 'वरचा' असंच लिहून ठेवायचा.

वाकण्याचा खुलासा दुसऱ्याच दिवशी सकाळी झाला. मी हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला होतो आणि आमची कंपनीची बस जगनाडे चौकातून निघायची. मी पायीच चाललो होतो. बाई अंगणातल्या मोटारीत बसल्या होत्या. "बस. सोडून देतो," म्हणाल्या.

मोटार जुनी होती, मरून रंगाची, मागून पुढून सारखीच गोल. निवृत्त होताना बाईंनी ती एका डॉक्टरकडून विकत घेतली होती. डॉक्टरनं ती का विकली, हे आम्हाला गल्लीच्या तोंडाशीच कळलं. गाडी दोन आचके देऊन थांबली. बाईंनी शांतपणे सीटखाली हात घातला आणि कपडे धुवायची लाकडी मोगरी काढून माझ्या हातात दिली.

"शिर खाली."

"कुठं?"

"गाडीखाली. माह्या पदराखाली नाही. मागच्या सीटच्या बरोबर खाली टाकी हाय. मी 'हां' म्हटलं की हाण. फोडू नको. नुसता हाण."

भानगड अशी होती की त्या गाडीचा पेट्रोलचा पंप विजेवर चालायचा आणि टाकीच्या आत, पेट्रोलात बुडून बसलेला असायचा. जुना झाल्यामुळे तो मधेच अडकायचा. बाहेरून टाकीला ठोका बसला की दचकल्यासारखा पुन्हा फिरायचा. मी इस्त्रीच्या शर्टात रस्त्यावर आडवा झालो. वरून "हां!" आलं. मी हाणलं. टाकीतून 'घूंऽऽ' असा आवाज आला, इंजिन सुरू झालं, आणि मी बाहेर यायच्या आत गाडी चालूही लागली.

"धाव गा! दार उघडंच हाय!"

मोगरीसकट धावत जाऊन मी चालत्या गाडीत बसलो. थांबता आलं नसतं का, असं मी धापा टाकत विचारलं.

"पेशंट शुद्धीवर आला की त्याले उठवून चालवायचं," बाई गिअर टाकत म्हणाल्या. "पडू दिलं का तो पुन्हा पडते."

हे वैद्यकशास्त्र बरोबर होतं की नाही, कोण जाणे. पण त्या गाडीला ते लागू पडायचं.

बाईंना लग्नाबद्दल विचारायची हिंमत आमच्या गल्लीत एकाच माणसानं केली होती, आणि तो नवीन राहायला आलेला होता. बाई त्याला म्हणाल्या, "वार्डात चाळीस मर्द रोज सकाळी बेडपॅन मागत होते. घरी एक्केचाळिसावा कायले आणू?" त्या माणसानं नंतर बरेच दिवस वाट बदलली होती.

सकाळी त्या बुद्धवंदना म्हणायच्या, खणखणीत आवाजात. मधेच कोणी फाटकाशी आलं तर तोच सूर न सोडता हातानं 'थांब' अशी खूण करायच्या. मग चहा. चहाला त्या सलाईन म्हणायच्या. मग गाडीचा राउंड. मागची सीट उचलायची, टाकीच्या झाकणावर स्टेथोस्कोप टेकवायचा आणि मला किल्ली फिरवायला लावायचं. पंप दोन सेकंद घुमायचा. बाई डोळे मिटून ऐकायच्या.

"कण्हते आज. अर्धी टाकी हाय ना? भरून घे. पेट्रोलात बुडून राहिला का अंग थंड राहते त्याचं."

ही गोष्ट मात्र खरी होती. हे पंप पेट्रोलनंच गार राहतात, टाकी रिकामी ठेवली की तापून मरतात. बाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं. त्या म्हणायच्या, तापलेल्या माणसाला पाणी लागते, तर पंपाला काहून नाही लागणार?

मी राहायला आलो त्याच वर्षी मूळचा पंप कायमचा गेला. मग कोणी कितीही हाणलं तरी तो दचकेना. बाईंनी राजू मिस्त्रीला बोलावलं. राजूचं गॅरेज आमच्या मागच्याच रस्त्याला होतं. तो बाईंना घाबरायचा, कारण लहानपणी त्याचं मोडलेलं हाड बाईंच्या वार्डात बसवलं होतं आणि तो तिथं किती मोठ्यानं रडला होता, हे बाई गिऱ्हाइकांसमोर सांगायच्या.

"मॅडम, ओरिजनल भेटत नाही जी आता," राजू म्हणाला. "मॉडेलच बंद झालं ना. हा घ्या, ओरिजनलसारखाच आहे."

"ओरिजनलसारखा म्हणजे?"

"म्हणजे सेम टू सेम."

"नर्ससारखे कपडे घातलेली बाई अन् नर्स, यात तुले फरक दिसत नाही का गा? मग तुह्या पायात तिनंच रॉड टाकायले पायजे होता."

तरी तो पंप बसवला, दुसरा इलाज नव्हता. राखीला बसवलेला तो पंप दिवाळीच्या आत गेला. मग राजूनं भंगारात निघालेल्या एका गाडीतला काढून आणला. तो कंपनीचाच होता, पण वापरलेला. बाई त्याला 'घटस्फोटित' म्हणायच्या. त्यानं हिवाळा बरा काढला आणि उन्हं चढताच हात टेकले. तिसरा दिल्लीहून मागवला. त्याचा खोका इतका चकचकीत होता की बाईंनी तो साखर ठेवायला घेतला. पंप मात्र महिनाभरातच अडकायला लागला. मेलेले पंप बाई स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीनं उभे करायच्या. कोणी पाहुणा आला की त्यांची ओळख करून द्यायच्या. "हा डुप्लिकेट. हा सेकंड. अन् दिल्लीवाला अजून गाडीत हाय, लई भाव खाते."

म्हणजे तीन पंप बदलूनही मोगरी सीटखालून हलली नाही. आणि मी तरी किती पुरणार? सकाळी कंपनीत गेलो की संध्याकाळीच यायचो. दिवसभर बाई गावभर फिरायच्या आणि जिथं गाडी बंद पडेल तिथं जो दिसेल त्याला खाली घालायच्या. पोहेवाला, बँकेतला शिपाई, वकील, कोणीही. "ए भाऊ! अंगात ताकद हाय का?" असं विचारलं की माणूस छाती काढतोच. मग त्याच्या हातात मोगरी जायची. एकदा सक्करदऱ्याजवळ वाहतूक पोलीस पावतीपुस्तक काढून तावातावानं आला. पाच मिनिटांनी त्याची टोपी बाईंच्या मांडीवर होती आणि त्याचे बूट गाडीखालून बाहेर दिसत होते.

वरातीचा किस्सा तर माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. गाडी भर रस्त्यात वरातीच्या पुढ्यात बंद पडली. मागे बँड, घोडा, घोड्यावर घामानं निथळणारा नवरदेव. वऱ्हाडी चिडले. बाईंनी काच खाली केली आणि ढोलवाल्याला बोलावलं. "तुले हाणायची सवय हाय. चल, शिर खाली." तो हसत शिरला. त्यानं टाकीवर असा काही ठेका धरला की दोन वऱ्हाडी तिथंच नाचायला लागले. गाडी सुरू झाली. बाई निघाल्या, ढोलवाला धावत आला आणि ठेक्याच्या भरात गाडीत बसला. त्याला बँडकडे परत पोचवायला आम्हाला पुढच्या चौकातून वळसा घालावा लागला. त्याला उतरवतानाही बाईंनी गाडी पूर्ण थांबवली नाही.

या सगळ्याची खबर पुण्याला बाईंच्या भाच्याकडे कोणीतरी पोचवली. भाऊ वारल्यापासून बाईंचं म्हणावं असं रक्ताचं माणूस तो एकच. इंजिनिअर, गोरा, पांढरी पँट घालणारा आणि आत्यावर मनापासून माया असलेला. तो आला तो एक रंगीत माहितीपत्रक घेऊनच. पुण्याजवळ ज्येष्ठांसाठी सोसायटी होती. बाग, डॉक्टर, सकाळी हास्यक्लब.

"आत्या, तू एकटी. ही गाडी अशी. उद्या हायवेवर बंद पडली तर? घर विकू, गाडी विकू, आणि तू तिकडे ये. माझ्या घरापासून अर्धा तास."

"सकाळी टाळ्या वाजवून हसायले लावतात म्हणे तिथं?"

"लावतात म्हणजे, व्यायाम असतो तो."

"मले हसायले माणूस नेमावा लागत नाही बाबू."

पण भाचा हटला नाही. दोन दिवस तो समजावत राहिला आणि त्या दोन दिवसांत बाईंनी गाडीला स्टेथोस्कोप लावला नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच अडचण होती. वय झालं होतं. गुडघे गेले होते. गाडी गेली असती तर बाईंचा वावर फाटकापर्यंत आला असता, आणि मग घर काय अन् सोसायटी काय. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "रामटेकले माह्यासंगं काम केलेली सिस्टर राहते. तिच्याकडं जाऊन येऊ, याच गाडीनं. तुले भरवसा वाटला नाही तर मी येतो पुण्याले. कागद आण, सही करतो."

मोगरी सीटखाली आहे ना, ते मी जाऊन बघून आलो. आदल्याच दिवशी दिल्लीवाला पंप दोनदा अडकला होता.

निघालो. बाई गाडी चालवत होत्या, मी शेजारी, भाचा मागे. कामठी गेली. कन्हानचा पूल गेला. पूल मागे पडला आणि गाडीनं ओळखीचे आचके दिले. दोन्ही बाजूंना शेतं, डोक्यावर ऊन. भाच्यानं आरशातून आत्याकडे बघितलं. मी मोगरी घेऊन दार उघडलं, तर तो म्हणाला, "थांबा. मी बघतो. मी इंजिनिअर आहे."

"मग तूच शिर," बाई म्हणाल्या.

पांढऱ्या पँटीसकट तो खाली शिरला. त्याचं बळ चांगलं होतं. दुसऱ्याच ठोक्याला पंप घुमला. आणि बाई निघाल्या.

मी ओरडलो, "मॅडम, भाचे!"

"धावन ना तो."

ठोका मारून धावायचं असतं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून पँट झटकत होता. मान वर केली तेव्हा आम्ही बरेच पुढे गेलो होतो. मग तो धावला. मोगरी उंच धरून, "आत्या! आत्या!" करत धावला. समोरून येणाऱ्या सायकलवाल्यानं त्याला पाहून सायकल शेतात घातली. मी म्हटलं, थांबा. बाईंनी ओठ आवळून समोर पाहत गाडी चालवली. मला वाटलं रागानं. मग पाहिलं तर त्या हसू दाबत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

आम्ही रामटेकला जेवलो. सिस्टरनं झुणका-भाकर केली होती. दोघी जुन्या डॉक्टरांची नक्कल करत बसल्या. मोगरी भाच्याकडे राहिल्यामुळे गाडी झाडाच्या सावलीत सुरूच होती आणि मी दर पाच मिनिटांनी तिच्याकडे बघून येत होतो. परत येताना त्याच ठिकाणाजवळ एका चहाच्या टपरीवर भाचा बाकावर बसलेला दिसला. शर्टाची बटणं उघडी, हातात संत्री, आजूबाजूला चार माणसं. तो त्यांना काहीतरी सांगत होता आणि ती पोट धरून हसत होती. बाईंनी गाडी हळू केली. भाच्यानं आम्हाला पाहिलं, उठला, मोगरी काखेत मारली आणि धावत येऊन चालत्या गाडीत सराईतासारखा बसला.

कामठी आल्यावर तो म्हणाला, "आत्या, त्या चहावाल्याची म्हैस आजारी आहे. तू एकदा बघून जा म्हणतोय."

पुण्याच्या सोसायटीचा विषय त्यानंतर निघाला नाही. माहितीपत्रक बाईंनी खिडकीतल्या मेलेल्या पंपांखाली अंथरलं.

पण भाचा शेवटी इंजिनिअरच. पुण्याला जाऊन तो स्वस्थ बसला नाही. कुठल्याशा जुन्या दुकानात पडून राहिलेला, मूळ कंपनीचा कोरा पंप त्यानं शोधून काढला आणि पाठवला. सोबत निरोप, की बसवण्याआधी टाकी उघडून बघा. तीन पंप मरतात म्हणजे दोष फक्त पंपांचा नसतो.

बाईंना हे पटलं. इतकी वर्षं पोस्टमॉर्टेम कसं सुचलं नाही, म्हणून त्या स्वतःवरच चिडल्या. राजूनं अंगणात टाकी उतरवली. बाई हातमोजे घालून शेजारी स्टुलावर बसल्या. टाकी उलटी केली तर आतून गंजाचा गाळ निघाला, चहाच्या चोथ्यासारखा लाल आणि जाड. शिवाय पंपाला वीज नेणारी तार हिरवी पडून कुजलेली. नवीन येणारा प्रत्येक पंप तो चोथा गिळून गुदमरत होता.

बाईंनी गाळ चिमटीत धरून चोळून पाहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन खिडकीतल्या पंपांपुढे उभ्या राहिल्या.

"यायले मी उगाच शिव्या देऊन राहिली होती," म्हणाल्या. "जेवणच खराब होतं बिचाऱ्यायचं."

"डुप्लिकेटवाला तरी डुप्लिकेटच होता ना जी," राजू म्हणाला.

"तू गप रे. दुसऱ्यायच्या पोट्ट्यायले लवकर नावं ठेवतं."

टाकी धुतली, तार बदलली, नवा पंप बसला. आणि गाडी बंद पडायची बंद झाली. उन्हात, पावसात, पुलावर, चढावर. किल्ली फिरवली की सुरू. एक महिना गेला, दोन गेले. मी कपडे न मळवता कंपनीत जाऊ लागलो, तेव्हा सोबतच्यांनी विचारलं, खोली बदललीस का?

बाईंना मात्र ते मानवलं नाही. पहिले काही दिवस त्या खुशीत होत्या. मग स्टेथोस्कोप लावून बसू लागल्या आणि तोंड वाकडं करून उठू लागल्या. "काही बोलतच नाही हा. असा कायचा पेशंट, ज्याले काही होतच नाही?" राजूकडे जायला कारण उरलं नाही. पोह्याच्या गाडीपाशी थांबायला कारण उरलं नाही. बाई भाजी घेऊन पंधरा मिनिटांत घरी यायच्या. दुपारी झोपायच्या. आयुष्यात दुपारी न झोपलेली बाई. संध्याकाळी मी यायच्या वेळी फाटकाशी उभ्या असायच्या आणि "आला का गा" एवढंच म्हणून आत जायच्या. मला ते आवडत नव्हतं. मी मुद्दाम खोकून पाहिलं. "गुळण्या कर," म्हणाल्या, आणि बस.

मग एक दिवस कंपनीची बस जगनाडे चौकात वळताना खिडकीतून मरून गाडी दिसली. भोवती सात-आठ माणसं. खाली कोणाचे तरी पाय. खिडकीतून बाहेर आलेला बाईंचा हात हवेत फिरत होता. "खाली नाही, वर हाण! जेवला नाही का आज?" मी बसमधून उडी टाकली. इतका चांगला पंप गेला, याचं मला खरंच वाईट वाटलं. गर्दीतून वाट काढत खिडकीशी पोचलो आणि आत डोकावलो.

किल्ली जागेवर होती. बाईंचा दुसरा हात तिच्यावर होता. बाई "हां!" म्हणायच्या, खालून ठोका बसायचा, आणि किल्ली काही त्या फिरवायच्या नाहीत.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. मग त्या खालच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, "थकला का? राहू दे. पोरगी दहावीत गेली ना तुही? कसा चालते अभ्यास?" गाडीखालून उत्तर आलं, गणितात जरा कच्ची आहे. भोवतालच्या आणखी दोघांनी आपापल्या पोरांचं गणित सांगितलं. असं अर्धा तास चाललं. मग बाईंना वाटलं तेव्हा त्यांनी किल्ली फिरवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर बाई चहा करत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो.

"काहून पाहून राहिला असा?" बाई म्हणाल्या.

"काही नाही."

"भाच्याले सांगशील?"

"नाही."

"राजूले?"

"नाही सांगत."

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. जरा वेळानं म्हणाल्या, "रविवारी तुले सुट्टी ना? रामदासपेठेत गाडी बंद पाडू म्हणतो. तिथले लोक लई ताठ झाले. वाकतच नाहीत कुठं."

रविवारी आम्ही रामदासपेठेत गेलो. एका मोठ्या खासगी दवाखान्याच्या फाटकासमोर बाईंनी गाडी आडवी बंद पाडली. पहारेकरी धावत आला, मागे हॉर्न सुरू झाले, आणि शेवटी आतून एक मोठे डॉक्टर संतापून बाहेर आले. पिकलेले केस, कडक इस्त्री, मनगटावर भारी घड्याळ. खिडकीशी आले आणि त्यांचा आवाजच गेला.

"मॅडम? तुम्ही?"

बाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तू तोच ना, वार्डात पेशंटची शीर सापडत नव्हती म्हणून रडला होता?"

पहारेकऱ्यानं दुसरीकडे पाहिलं. डॉक्टरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं, मी मोगरी पुढे केली, आणि ते गुडघ्यांवर, मग हातांवर, मग पाठीवर असे हप्त्याहप्त्यानं गाडीखाली गेले. ठोका बसला. दुसरा बसला. तिसऱ्यानंतर खालून दमलेला आवाज आला, "मॅडम, जरा किल्ली फिरवून पाहता का?"

"फिरवतो ना," बाई सीटवर मागे रेलत म्हणाल्या. "घाई काय हाय? आधी सांग, आई कशी हाय तुही?"